लॅपटॉपमध्ये अडकलेली डीव्हीडी कशी काढली – माझा अनुभव

ताईच्या लग्नाची डीव्हीडी जुन्या लॅपटॉपमध्ये अडकली, दुसरी कॉपी कोणाकडेच नाही. बटण दाबलं की आतून नुसतं कटकट आवाज, ट्रे बाहेर यायचा नाही. विंडोजमध्ये राइट क्लिक करून इजेक्ट दिलं, प्लेअर बंद केला, रीस्टार्ट केलं, काही नाही. एम. जी. रोडला एका दुकानात दाखवलं तर म्हणे ड्राइव्ह फोडून काढू, डिस्कची गॅरंटी नाही. म्हटलं राहू दे, घरीच बघतो.

ट्रेच्या तोंडावर एक बारीकसं भोक असतं ना, ते याचसाठी असतं. लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, बॅटरीपण काढली आणि पेपरक्लिप सरळ करून त्यात घातली. इथे एक सांगतो, लॅपटॉपच्या ट्रेला बाहेर ढकलणारी मोटर नसते, आत खटका आणि स्प्रिंग असते, त्यामुळे जोर लावायचा नाही, क्लिप सरळ आत गेली की टक् होतं आणि ट्रे थोडा पुढे येतो. माझाही आला, पण बोटभर येऊन थांबला. ओढला असता तर डिस्कच चिरली असती.

मग टॉर्च मारून फटीत पाहिलं, फोटोग्राफरने डिस्कवर चिकटवलेला नवरानवरीच्या फोटोचा कागद एका बाजूने उचलला होता आणि वरच्या पत्र्याला अडकत होता. लॅपटॉप उलटा करून ड्राइव्हचा एकच स्क्रू काढला, अख्खा ड्राइव्ह बाजूने सरकून बाहेर आला. आईच्या जुन्या एक्स-रेची पट्टी कापली, ती डिस्कच्या वरून आत सरकवून कागद खाली दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने ट्रे हळूहळू ओढला. आली! ओरखडा नाही काही नाही, ताईला लगेच फोन केला.

कागद उरलेला ओढून काढायचा मोह होतो, पण सीडी असेल तर अजिबात नको, सीडीत डेटाचा थर वरच्या बाजूलाच असतो, कागदाबरोबर तोही निघतो. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या मधे असतो म्हणून मी सुटलेला भाग तेवढा कात्रीने कापला, उरलेला नीट चिकटलेला आहे बघितलं, आणि मित्राच्या बाहेरून लावायच्या ड्राइव्हवर सगळं पेनड्राइव्हमध्ये घेतलं. ज्यांच्या लॅपटॉपला ट्रे नाही, नुसती फट आहे, त्यात बहुतेक वेळा हे भोक नसतं, तिथे क्लिप घालत बसू नका.