चेंडूला लागलेले हात मोजा

हंगामानंतरच्या पहिल्याच बैठकीत मुख्य प्रशिक्षकांनी बचाव फळीकडे एकच मागणी केली: पुढच्या वर्षी मोठे खेळ हवेत. अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाचा मोठा खेळ म्हणजे इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याची फेक मध्येच झेलणं), प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू सोडवणं (फंबल) किंवा चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकायच्या आत आडवा करणं (सॅक). इथल्या कॉलेज संघाची फिल्म कापून डाउनप्रमाणे, म्हणजे १० यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींप्रमाणे, लावणं हे माझं काम. त्या दिवशी बचावाचे सगळे प्रशिक्षक फिल्मरूममध्ये बसले आणि चेंडू आवाक्यात येऊनही निसटला असा प्रत्येक डाव आम्ही बाहेर काढला.

सुरुवातीला बहुतेकांचा कल ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं धाडणं, वाढवण्याकडे होता. फिल्म पाहता पाहता तो बदलला.

एक डाव आम्ही पुन्हा पुन्हा लावला. तिसरा डाउन, ८ यार्ड बाकी. आमची मांडणी कव्हर-३: तिघे मागे खोलवर, चौघे मधल्या पट्ट्यात, चौघे क्वार्टरबॅकवर. मधल्या पट्ट्यातला लाइनबॅकर १० यार्ड मागे गेला, जागा अचूक पकडली. पण गेला तो पाठ फिरवून, फेक झेलणाऱ्या रिसीव्हरला शोधत. दोन्ही कॅमेऱ्यांच्या फ्रेम जुळवल्या. क्वार्टरबॅकचा आधाराचा डावा हात चेंडूवरून सुटतो, म्हणजे फेक निघालीच, त्या फ्रेममध्ये लाइनबॅकरच्या पाठीवरचा नंबर दिसतो. तो वळेपर्यंत चेंडू त्याच्या खांद्यावरून गेलेला. झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा राखून, खेळण्याचा मुख्य फायदाच हा की नजर क्वार्टरबॅकवर ठेवता येते. पाठ फिरवली की तो फायदा गेला, आणि अशा वेळी ब्लिट्झला माणूस वाढवला तर मागे राखायला एक जण कमी, एवढंच होतं.

फंबलचं दुखणं वेगळं होतं. पहिल्या टॅकलरने धावणाऱ्याला धरलेलं, चेंडू बरगडीपासून सुटून कोपराबाहेर आलेला, आणि आमचा दुसरा गडी येऊन नुसता पाठीवर आदळतो. कबड्डीत एकाने घोटा धरल्यावर बाकीच्यांनी काय करायचं हे ठरलेलं असतं, तसंच इथेही हवं: पहिल्याने पक्कं धरायचं, दुसऱ्याने चेंडूच्या उघड्या टोकावर मूठ हाणायची. एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या शिकागो बेअर्सचा कॉर्नरबॅक (कडेच्या रिसीव्हरला राखणारा) चार्ल्स टिलमन याच ठोशासाठी ओळखला जायचा. २०१२च्या एका हंगामात त्याने १० फंबल घडवले. मात्र पकड बसण्याआधीच ठोसा मारायला गेलं आणि तो चुकला, तर धावणारा २०-३० यार्ड सहज घेऊन जातो. म्हणून क्रम मोडायचा नाही.

क्वार्टरबॅकवर कडेने धावून जाणारे आमचे गडी त्याच्या पातळीच्या मागे निघून जात होते. मग क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकून मोकळा होतो. त्याच्या मागच्या खांद्याचा नेम धरून वळायचं, एका हाताने अंग धरायचं, दुसरा फेकणाऱ्या हातावर वरून आणायचा. नुसती कंबर धरली तर सॅक मिळतो, चेंडू मिळत नाही.

किती चेंडू मिळवायचे याचा आकडा लक्ष्य म्हणून द्यायला मी विरोध केला. बेअर्सनी २०१८मध्ये ३६ वेळा चेंडू हिसकावला. पुढच्या वर्षी बरेचसे खेळाडू तेच असून आकडा १९वर आला. बचावाची आखणी करणारा समन्वयक बदलला होता हे खरं, पण लांबट चेंडू कुठे उसळेल हेही कुणाच्या हातात नसतं. आपल्या हातात आहे ते मोजावं: मारलेले ठोसे, फेकीला लागलेले हात, फेक सुटताना क्वार्टरबॅककडे असलेल्या नजरा. हे सगळ्यांना पटलं.

वसंतातल्या १५ सरावांत रोज १० मिनिटं याच कामाला, अडीच मिनिटांची चार ठाणी. पहिल्यावर ठोसा. दुसऱ्यावर सुटलेला चेंडू: गर्दी असेल तर त्यावर पडून गुडघे पोटाशी घ्यायचे, मोकळं रान असेल तरच उचलून पळायचं. तिसऱ्यावर एकाने टोलवलेली फेक मागच्याने झेलायची. चौथ्यावर बादलीत भिजवलेले चेंडू, कारण नोव्हेंबरच्या पावसात कोरडे मिळत नाहीत. दोन कॉर्नरबॅकचे हात अजून कडक आहेत. त्यांना सरावानंतर चेंडू फेकणाऱ्या जग्जच्या यंत्रावर रोज ५० झेल, त्यातले निम्मे डोक्यावरून मागे जाणारे.