गुळाच्या काहिलीचं मॉडेल: आता आम्ल आणि चुना

मंडळी, काहिलीत, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईत, उसाचा रस उकळताना साखरेचं काय होतं याचं मी संगणकावर मॉडेल करतोय. आतापर्यंत त्यात एकच अभिक्रिया होती: साखरेचा रेणू पाणी घेऊन फुटतो आणि ग्लुकोज, फ्रुक्टोज तयार होतात. आता त्यात रसातली आम्लं आलीत, ती मारायला घालतात तो चुना आलाय आणि काहीलही तापायला लागलीय. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या गुऱ्हाळावर गुळव्या म्हणाले होते, "रस आंबला की ढेप बसत न्हाई, चिकाट ऱ्हाती." आंबट रसात साखर जास्त फुटते आणि फुटलेली साखर नीट घट्ट बसत नाही, ते आकड्यांत उतरवायचंय.

साखर फुटण्याची ही अभिक्रिया शास्त्रज्ञ विल्हेल्मी यांनी १८५० मध्येच ध्रुवणमापी (द्रावण ध्रुवित प्रकाशाला किती वळवतं ते मोजणारं उपकरण) लावून मोजली आणि वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो हे दाखवलं. म्हणून माझं मॉडेलही हा वळणाचा कोन काढतं. साखर प्रकाश उजवीकडे वळवते (+६६.५), फुटलेलं मिश्रण डावीकडे (साधारण −२०). हिशोबाने सुमारे ७६ टक्के साखर फुटल्यावर कोन शून्य व्हायला हवा, आणि आलेख तिथंच शून्य ओलांडतो. दुसरी तपासणी वजनाची: ३४२ ग्रॅम साखर, १८ ग्रॅम पाणी, ३६० ग्रॅम फुटलेली साखर. पाणी उडत असल्यामुळे सगळं मोलमध्ये (रेणूंच्या संख्येत) ठेवलंय, संहती (द्रावणातलं प्रमाण) नंतर काढतो.

खरी मजा आम्लांपाशी. उसाच्या रसात मुख्य आम्ल अकोनिटिक, त्याचे सुटणारे प्रोटॉन तीन. त्यांची देवघेव डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आत उरकते, साखर मात्र मिनिटामिनिटाने फुटते. दोन्ही एकाच समीकरणसंचात घातली की सायपायचं (पायथनमधल्या गणिती साधनांच्या संचाचं) आरके४५ हे समीकरणं सोडवणारं साधन मुंगीच्या पावलांनी चालतं, कारण ते सगळ्यात वेगवान अभिक्रियेच्या तालावर पावलं टाकतं. त्याच संचातलं, अशा प्रश्नांसाठीचं बीडीएफ लावलं की धावतं. आधी रॉबर्टसनच्या तीन अभिक्रियांवर, म्हणजे अशा साधनांच्या नेहमीच्या चाचणीवर, ते पारखून घेतलं. तिथले वेगांक (अभिक्रियांच्या वेगाचे स्थिरांक) ०.०४, १०⁴ आणि ३×१०⁷, स्टिफ (अतिवेगवान आणि संथ अभिक्रिया एकत्र असलेल्या) प्रश्नाचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही.

तरी शेवटी आम्लांचा समतोल समीकरणसंचातून बाहेरच काढला. दर पायरीला विद्युतभाराचा ताळा (धन आणि ऋण भार सारखे) जुळवून पीएच (आम्लतेचं माप, आम्लता वाढली की कमी होणारं) शोधायचा, आणि काळाबरोबर फक्त साखर, ग्लुकोज, फ्रुक्टोज, पाणी पुढे न्यायचं. मला हीच मांडणी पटते, कारण कुठला भाग समतोलात आहे आणि कुठला चालू आहे ते कोड वाचतानाच दिसतं. समतोलांक मात्र तापमानानुसार बदलावे लागतात: १०० अंशांना शुद्ध पाण्याचाही पीएच ६.१ च्या आसपास असतो.

निकाल बोलके आहेत. पीएच एकाने घसरला की फुटण्याचा वेग दहापट. सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) १०८ किलोज्यूल प्रति मोल धरली, तर १०० वरून ११८ अंशांवर जाताना तो जवळपास पाचपट होतो. पाणी भरपूर असेपर्यंत तापमान फारसं चढत नाही, चढतं ते पाक घट्ट होताना. त्यामुळे शेवटच्या थोड्या वेळाचा वाटा बराच मोठा निघतो. काहील उतरवताना गुळव्यांची इतकी घाई का, ते आलेखात दिसलं तेव्हा फार आनंद झाला.

आता अडलंय ते चुन्यापाशी. चुना किती घालावा असं मॉडेलला विचारलं, तर ते वाढवतच नेतं, कारण चुन्याने आम्ल मरतं आणि साखर कमी फुटते, एवढंच त्याला ठाऊक आहे. गुळव्या असं कधीच करणार नाहीत, कारण चुना जास्त झाला की ग्लुकोज-फ्रुक्टोजचं विघटन होऊन गूळ काळवंडतो. ती अभिक्रिया माझ्या जाळ्यात अजून नाही. पुढचं काम तेच. अल्कधर्मी द्रावणात, ८० अंशांच्या वर फ्रुक्टोजच्या विघटनाचे वेगांक कुणाकडे असतील तर कळवा, तापमान आणि पीएच दोन्ही नोंदलेले हवेत.