शिआनजवळचे छोंगयांग गोंग: तीन ग्रंथांच्या वाटेने

शिआनला जाणारे बहुतेक लोक मातीचे सैनिक पाहतात, तटबंदीवर सायकल फिरवतात आणि पुढच्या शहराची गाडी पकडतात. मला जायचे होते ते शहराच्या नैऋत्येला सुमारे ४० किलोमीटरवर, हूयी भागातल्या झू-आन गावी. छ्वानझन या ताओवादी पंथाचे मूळ पीठ, छोंगयांग गोंग, तिथे आहे. पण थेट तिथे जाऊ नका. आधी शहरातले शिलालेखांचे संग्रहालय, मग लाओत्सेच्या कथेशी जोडलेले लोउग्वानताय हे देवस्थान आणि शेवटी छोंगयांग गोंग, असा क्रम ठेवा. नाहीतर चीनमधले आणखी एक देऊळ पाहिले, एवढेच हाती लागेल.

पंथाचा संस्थापक वांग छोंगयांग (१११३–११७०) याने अनुयायांना जे ग्रंथ म्हणायला सांगितले, ते तीन वेगवेगळ्या परंपरांतले होते. बौद्धांचे प्रज्ञापारमिताहृदय सूत्र, ताओवाद्यांचे ताओ ते चिंग आणि कन्फ्यूशियसच्या परंपरेतला आईवडिलांच्या सेवेवरचा श्याओ जिंग. सगळे धर्म शेवटी एकच, असे मोघम बोलणे सोपे असते. नेमका कोणता ग्रंथ म्हणायचा हे सांगायला त्या ग्रंथाशी खरी ओळख लागते. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो यासाठी. आणि प्रवाशाचे नशीब असे, की हे तिन्ही ग्रंथ शिआनच्या परिसरात दगडावर कोरलेले बघायला मिळतात.

संग्रहालय दक्षिण तटबंदीच्या आतल्या बाजूला, जुन्या कन्फ्यूशियस मंदिराच्या आवारात आहे. मेट्रोच्या योंगनिंगमन स्थानकावरून चालत जाता येते. तिकीट आधी ऑनलाइन काढा, पासपोर्ट जवळ ठेवा आणि दार उघडतानाच पोहोचा, कारण नंतर सहलींचे घोळके येतात. पहिल्या दालनासमोरच्या मंडपात श्याओ जिंग उभा आहे. चार मोठ्या शिळा जोडून केलेला हा स्तंभ ७४५ सालचा, आणि त्यावरचे अक्षर खुद्द थांग सम्राट श्वानझोंगचे. आत ६७२ सालची एक शिळा आहे. ह्युएन त्संगच्या भाषांतरांसाठी सम्राटाने लिहिलेली प्रस्तावना तीवर आहे आणि शेवटच्या भागात हृदय सूत्र. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला, इथल्या माणसांबद्दल लिहून ठेवणारा तोच हा ह्युएन त्संग. ठसे घेऊन घेऊन अनेक शिळा शाईने काळ्या कुळकुळीत झाल्या आहेत. अक्षरे वाचता येत नसली तरी ही शिळा शोधाच, खोलीतल्या माणसाला विचारलेत तर तो बोट दाखवतो.

लोउग्वानताय आणि छोंगयांग गोंग एकाच दिवशी होतात. दोन्ही ठिकाणे चुंगनान डोंगराच्या पायथ्याशी, शहराच्या एकाच अंगाला आहेत. दोघे-तिघे असाल तर दिवसभरासाठी गाडी ठरवणे परवडते. बसने जाता येते, पण परतीच्या बसची वेळ डोक्यात ठेवून देऊळ पाहावे लागते आणि त्यात मजा नाही.

लोउग्वानतायला पुढे नवे, अवाढव्य प्रदर्शन-संकुल बांधले आहे. तिथे वेळ घालवू नका. मागच्या टेकडीवरचे जुने व्यासपीठ गाठा. ताओवादाचा आद्यपुरुष लाओत्से याने सीमेवरचा अधिकारी यिन शी याला ताओ ते चिंग सांगितला तो इथे, अशी श्रद्धा आहे, आणि तो ग्रंथ कोरलेल्या शिळा तिथे आहेत. चढ फार नाही, पण पायऱ्या दगडी आहेत, पावसात जपून चाला.

तिथून झू-आन. वांग छोंगयांग मूळचा कन्फ्यूशियसचे ग्रंथ शिकलेला, नंतर लष्करी परीक्षेकडे वळलेला माणूस. उत्तर चीन तेव्हा जुरचेन या परक्या टोळ्यांच्या जिन राजवटीखाली होता. ११६१ साली त्याने स्वतःसाठी कबर खणली, तिला ‘जिवंत मेलेल्या माणसाची कबर’ असे नाव दिले आणि दोनेक वर्षे तीत राहिला. पुढे इथे, ल्यूजियांग गावात झोपडी बांधली. ११६७ मध्ये तीच झोपडी स्वतःच्या हाताने पेटवली आणि तो शांडोंगकडे चालता झाला. तिथे त्याने ज्या पाच मंडळ्या काढल्या, त्या प्रत्येकीच्या नावात ‘तीन शिकवणी’ (बौद्ध, ताओवादी आणि कन्फ्यूशियसची) हे शब्द होते.

मिश्रण कुठे जुळते ते पाहा. शिष्यांनी घर सोडायचे, ब्रह्मचर्य पाळायचे, मठात राहायचे, हे वळण बौद्ध भिक्षूंचे. त्याच्या नावावर असलेल्या पंधरा उपदेशांत म्हटले आहे की डोळे मिटून बसणे म्हणजे ध्यान नव्हे, चालता-बसता-उठता दिवसभर मन डोंगरासारखे अचल हवे. यावर झेन या बौद्ध ध्यानपंथाचा ठसा स्पष्ट आहे. पण नुसते मन पुरे नाही, श्वास आणि प्राणही साधला पाहिजे, हा आग्रह अस्सल ताओवादी. आणि गुरू ११७० साली खायफंगला वारला, तेव्हा मा यू आणि इतर शिष्यांनी शवपेटी इथवर आणली आणि समाधीपाशी झोपडी करून सुतक पाळले, बापासाठी मुलाने पाळावे तसे. संन्याशांनी कन्फ्यूशियसचा पुत्रधर्म पाळला! मला सगळ्यात भिडली ती ही गोष्ट.

एवढे करूनही भांडणे टळली नाहीत. मंगोल अमलात या पंथाचा बौद्धांशी देवळांवरून आणि ग्रंथांवरून जोरदार संघर्ष झाला. १२८१ साली कुबलाई खानाने ताओ ते चिंग वगळता ताओवादी ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला.

छोंगयांग गोंगमध्ये सर्वांत जास्त वेळ शिळांच्या दालनाला द्या. युआन म्हणजे मंगोल राजवटीच्या काळातल्या काही शिळांवर चिनीबरोबर फाग्स-पा लिपीतला मंगोल मजकूर आहे, वरून खाली लिहिलेला. ही लिपी तिबेटीवरून बनली आणि तिबेटीचे मूळ ब्राह्मीत, म्हणजे ही आपल्या देवनागरीची लांबची बहीणच.

मठातल्या माणसाला ‘दाओझांग’ म्हणा. त्यांचे वय विचारू नका, ते अशिष्ट मानतात. उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडा आणि मूर्तींचे फोटो काढू नका. उदबत्त्या तीनच लावायच्या.

भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी घ्यावा लागतो. अलीपे हे पैसे देण्याचे चिनी ॲप निघण्यापूर्वी कार्डाला जोडून ठेवा. गूगल चालत नाही, म्हणून ठिकाणांची चिनी लिपीतली नावे फोनमध्ये साठवा, गाडीवाल्याला तीच दाखवायची. शाकाहारी असाल तर ‘मांस, मासे, अंडे नको’ असे चिनीत लिहिलेला कागद खिशात असू द्या. देवळांशी जोडलेल्या भोजनालयांत कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींची थोडीफार सोय होते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस चांगले, फक्त ऑक्टोबरचा पहिला आठवडा सरकारी सुट्टीचा असतो, तो टाळा.

वेळ असेल तर वेगवान रेल्वेने पेइचिंगला जाऊन याच पंथाचा पाययुन ग्वान हा मठ पाहा. छोंगयांगचा शिष्य छ्यू छूजी, जो १२२२ मध्ये हिंदुकुशापाशी चंगीझखानाला भेटला, त्याचे अवशेष तिथल्या त्याच्या नावाच्या दालनात आहेत. मेट्रोच्या पहिल्या मार्गावरच्या मूशीदी स्थानकावर उतरून दक्षिणेकडे चालत जा.