लॉन्सडेल स्ट्रीटवरचा रूपक

आईबाबा मिरजेहून आलेत आणि फेब्रुवारीच्या अखेरीस मेलबर्नमध्ये लॉन्सडेल स्ट्रीटवर ग्रीक फेस्टिव्हल भरतो. त्यामुळे यंदा दोघांना घेऊन जायचंच, हे मी केव्हाच ठरवून टाकलंय.

मुख्य म्हणजे बाबांना न्यायचंय. त्यांची सगळी हयात तबल्यात गेली. तिथे लोक एकमेकांचे हात धरून फेर धरतात, त्यातला कालामातियानोस हा नाच सात मात्रांचा आहे. तीन-दोन-दोन, म्हणजे आपला रूपक तालच! प्रत्येक आवर्तनात तीन पावलं, एक लांब नि दोन आखूड. अशी बारा पावलं झाली की चार आवर्तनं पुरी होतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लय मात्र चांगलीच चढी. परवा जेवणं झाल्यावर बाबांना रेकॉर्डिंग ऐकवलं. लगेच टेबलावर बोटं चालू झाली, आणि थोड्या वेळाने थांबली. "अगं, पण यांची सम भरीची आहे!" खरंच की. रूपकात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 'खाली'ची म्हणजे बिनवजनाची असते, इथे सगळं वजन पहिल्याच मात्रेवर. तेव्हापासून बाबा रूपकाचे 'तिं तिं ना' हे बोल बाजूला ठेवून या नाचासाठी वेगळा ठेका बांधताहेत.

बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्यही त्यांना जवळून दाखवायचंय. लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेलं गोलसर पोट, जोडीजोडीने लावलेल्या धातूच्या तारा. मिरजेचा माणूस भोपळ्याशिवायचं वाद्य किती वेळ न्याहाळेल, सांगता येत नाही.

आईच्या खाण्याचं बघावं लागेल. ती अंडंही खात नाही. स्पानाकोपिता म्हणजे पालक आणि फेटा चीज भरलेली पापुद्र्यांची 'पाय' (pie), पण सारणात बऱ्याचदा अंडं असतं, तेव्हा विचारूनच घ्यायची. लुकुमादेस तिला नक्की आवडतील. दिसायला गुलगुल्यांसारखे, पण पीठ यीस्टने फुगवलेलं, म्हणून आतून हलके. वरून मध आणि दालचिनी. कढईतून काढल्या काढल्याच खायचे, गार झाले की चिवट होतात. आम्ही बाकीचे सुवलाकीच्या, म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाच्या रांगेत.

प्रवेश फुकट आहे. शनिवारी जायचं, तेही ऊन कलल्यावर, कारण इथला फेब्रुवारी भर उन्हाळ्यातला. ट्रेनने मेलबर्न सेंट्रलला उतरलं की चार पावलांवर. स्वॉन्स्टन ते रसेल स्ट्रीटच्या मधला हा पट्टा ग्रीकांचा जुना. फेस्टिव्हल भरवणारी त्यांची संस्था 1897 सालची, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर बोटी भरभरून माणसं आली. त्यांची नातवंडं-पतवंडं आता आज्यांचा हात धरून त्याच फेरात नाचतात, आणि पावलं कुणाचीही चुकत नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्या मंडळातल्या मुलांनी हे बघावं म्हणून आमच्या लेझीमच्या ग्रुपलाही निरोप धाडलाय.

फेर सगळ्यांना खुला असतो. बाबा म्हणतात, मी नुसत्या टाळ्या देणार. आईने मात्र पायात बूट घालायचं आत्ताच कबूल केलंय.