सव्वातेरा इंच

१४ जून

गालावरचा डाग जांभळ्याचा पिवळा होत आलाय. पण बँकेत काउंटरला बसणारीचं तोंड म्हणजे नोटीस बोर्ड, येणारा-जाणारा वाचूनच जातो. आज पेन्शनवाल्या एका आजींनी पासबुक सरकवता सरकवता हळूच विचारलं, "बाय, घरांत सगळें बरें मूं?" म्हटलं, आजी, बंदूक लागली. त्यांचा चेहरा असा झाला की पुढे काही सांगायची सोयच उरली नाही. संध्याकाळी नवऱ्याला हे सांगितलं, तर म्हणतो, डाग जाईपर्यंत मी तुझ्याबरोबर डिचोलीच्या बाजारात येत नाही.

तर खरं काय झालं ते इथं तरी लिहून ठेवते.

दिल्लीला नणंदेकडे गेलो होतो. तिचा मुलगा ट्रॅप खेळतो, म्हणजे हवेत उडणाऱ्या चकत्या शॉटगननं फोडायचा नेमबाजीचा खेळ. तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर त्याचा सराव असतो. ही रेंज १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळची. कर्णी सिंग म्हणजे बिकानेरचे महाराजा, १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्यपदक मिळवलेले. भाच्याच्या मागे लागून मी तिथं गेले, ही चौथी खेप. पहिल्या खेपेला चकती फुटून तिची काळी-केशरी धूळ हवेत राहिलेली बघितली आणि तिथंच फसले. एवढीशी बशी ती, ११० मिलिमीटरची, १०५ ग्रॅमची, डांबर आणि चुन्याच्या भुकटीची. आपण "पुल!" ओरडायचं, समोर पंधरा मीटरवरच्या खंदकातून ती सुटते, आणि मेंदू जागा होईपर्यंत लांब गेलेली असते.

या खेपेला ठरवून गेले होते की आता स्वतःची बंदूक घ्यायची. क्लबची बंदूक सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. पंचवीस चकत्यांत चार फोडल्या. गाल मात्र पंचवीसही वेळा फुटला.

तिथल्या एका वयस्कर कोचनी हे बघितलं. बोलले काही नाहीत. दोन्ही पंजे एकावर एक ठेवून मध्ये त्रिकोणी फट करायला लावली, त्यातून लांबचा खांब बघ म्हणाले, आणि मग एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा मिटला तर खांब जागच्या जागी. डावा मिटला तर खांब गायब. म्हणजे मी उजव्या हाताची आणि डाव्या डोळ्याची! पंचेचाळीस वर्षं हे माझं मलाच माहीत नव्हतं. असल्यांपुढे तीन वाटा असतात: डावा डोळा मिटायचा, चष्म्यावर नेमक्या जागी टेपचा तुकडा चिकटवायचा, नाहीतर सरळ डाव्या खांद्यावरून मारायचं. कोच म्हणाले, तुम्हाला अजून कुठली सवयच लागलेली नाही, डावा खांदा घ्या. सवय न लागण्याचा असा फायदा मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

मग त्यांनी सोळा यार्डांवर मोठा कागद लावला. चकती नाही, घाई नाही. बंदूक खांद्याला लाव, मध्यावर बघ, चाप ओढ. पाच बार काढले. छर्‍यांचा पुंजका मध्यापासून पाच इंच उजवीकडे आणि वर. सोळाच यार्ड का, विचारलं. त्यांचं उत्तर मला जन्मभर लक्षात राहील. रायफलीला पुढे-मागे दोन ठिकाणी नेम असतो. शॉटगनला पुढे फक्त एक मणी. मागचा नेम म्हणजे आपला डोळा. डोळ्यापासून मण्यापर्यंत साधारण एक यार्ड, कागद सोळा यार्डांवर. म्हणजे डोळा जागेवरून एक सोळांश इंच हलला की कागदावर एक इंच चूक. माझी पाच इंच, म्हणजे डोळा पाच सोळांश बाहेर. गहू-दीड गव्हाएवढा फरक, आणि मी तीन खेपा स्वतःच्या नेमाला शिव्या देत होते.

कारण दस्त्यात होतं, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला टेकायच्या लाकडी भागात. बहुतेक बंदुका उजव्या खांद्यासाठी घडवलेल्या असतात, दस्ता किंचित उजवीकडे वळवलेला, म्हणजे उजव्या खांद्यावाल्याचा डोळा आपसूक नळीच्या रेषेत येतो. त्याला ते लोक कास्ट म्हणतात. माझ्यासारखीनं तीच डाव्या खांद्याला लावली की डोळा उलट आणखी बाहेर जातो. वर दस्त्याची गाल टेकायची कड माझ्या मानानं फार खाली. तिथं गाल टेकला तर समोर फक्त लोखंड दिसतं, म्हणून मी नकळत डोकं उचलत होते. डोकं उचललं की बार वर जातो, आणि उचललेल्या गालावर मागे आलेला दस्ता आदळतो.

"मुँह बंदूक के पास नहीं, बंदूक मुँह के पास," असं कोच दर पाच मिनिटांनी म्हणत होते. पण बंदूक दुसऱ्याच्या तोंडासाठी बेतलेली असली तर ती माझ्या तोंडाशी येणार कशी?

१६ जून

इथं कबुली द्यायची राहिली. एवढं सगळं शिकून परत निघाले आणि वाटेत गाढवपणा केला.

गोवा एक्सप्रेसनं येताना मध्ये एका गावी उतरून बहिणीकडे राहिलो. तिथं बंदुकांचं जुनं दुकान आहे. नुसतं बघायला म्हणून गेले. दुकानदारानं कपाटातून एक ओव्हर-अँड-अंडर काढली. एकावर एक दोन नळ्या, अक्रोडाचा दस्ता, त्यावर मधासारखी चमक, आणि बाजूला चांदीच्या पत्र्यावर कोरलेले तितर उडताहेत. उघडली की "टक्" असा आवाज, देवघराच्या चांगल्या कडीसारखा. मी खांद्याला लावली. जड लागली, लांब लागली. पण तितर! दुकानदार म्हणाला, मॅडम, सवय होते. मी पाच हजार विसार देऊन आले. परवाना यायचाय, तोवर तो ठेवणार.

दस्ता साडेचौदा इंच. सहा फुटी माणसाला चांगला बसेल. मी पाच फूट एक.

त्याच दुकानात आधी मला ट्वेंटी बोअर, म्हणजे नेहमीच्या बारा बोअरपेक्षा अरुंद नळीची, दाखवली होती. "लेडीजसाठी हलकी असते." हलकी असते हे खरंच. पण तेवढंच काडतूस हलक्या बंदुकीतून सुटलं तर धक्का जास्त बसतो, कमी नाही. साडेतीन किलोच्या बारा बोअरमधून २४ ग्रॅम छऱ्यांचं काडतूस मारलं तर मी दुपारभर हसत उभी राहते. ऑलिंपिकच्या ट्रॅपलाही २४ ग्रॅमचीच मर्यादा आहे. शिवाय आपल्याकडे काडतूस मिळायला बारा बोअर सोपी. बायकांना छोटं द्यायचं ही दुकानदारांची जुनी खोड, मग ती बंदूक असो नाहीतर मिक्सर. लहान हवा तो दस्ता!

२२ जून

पाऊस नुसता कोसळतोय. बाबांकडे गेले.

बाबांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं. ब्लाउज, शाळेचे युनिफॉर्म, नाटकमंडळींचे अंगरखे. आता मशीनवर बसत नाहीत, पण टेप अजून गळ्यात असतो, जानव्यासारखा. त्यांना सगळं सांगितलं. मामाही तिथंच होता. सत्तरी तालुक्यातल्या त्याच्या घरी आजोबांच्या वेळची एकनळी आहे, काजूच्या बागायतीत रानडुकरं येतात म्हणून पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेली. दर निवडणुकीला पोलीस स्टेशनात जमा करतो आणि परत आणली की तेल घालता घालता सरकारच्या नावानं बडबडतो. तो म्हणाला, "बंदूक म्हळ्यार बंदूक. ताका माप कसलें गो?"

बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, "मारताना अंगात काय असणार?"

मी बघतच राहिले. कोचनी हाच प्रश्न केला होता. जाडजूड जॅकेट घातलं तर दस्ता आखूड हवा, पातळ सुती कपड्यावर तोच लांब चालतो. पाव इंचाचा फरक तिथंच पडतो. म्हटलं, बनियनसारखं नेमबाजीचं जाकीट, खांद्याला पॅड. "मग ते घालून ये. साडीवर सदऱ्याचं माप घेत नाहीत."

शेजारच्या सुतारानं फणसाच्या फळीचा दस्ता तासून दिला, मुद्दाम आखूड, तेरा इंच, पुढे जुन्या नळाचा पाइप. चाप म्हणून एक खिळा. खेळणंच ते. जुन्या स्लिपरच्या टाचा बाबांनी कापून ठेवल्या आणि एकेक चकती दस्त्याच्या मागे लावून मला म्हणाले, डोळे मीट, खांद्याला लाव, उघड. पुन्हा. पुन्हा. लांब झाला की दस्ता काखेत अडकतो आणि दंडावर जाऊन बसतो. आखूड झाला की अंगठा नाकावर येतो. मध्ये दोन-तीन बोटं जागा हवी. कोपरात दस्ता टेकवून चापापर्यंत बोट पोचतं का बघायची एक जुनी रीत आहे, दुकानदारानं तीच केली होती. मान किती लांब, खांदा किती रुंद, हे कोपराला काय कळणार?

सव्वातेरा इंचावर बाबा थांबले. मग गालाची कड. पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवत वर वर नेली. नवऱ्याला समोर उभा केला (हे फक्त फणसाच्या बंदुकीसमोर, खरी असती तर मी त्याला उभं राहू दिलं नसतं) आणि विचारलं, हिचं बुबुळ कुठं दिसतंय? तो म्हणाला, "पाइपाच्या मागे बुडालंय... अर्धं... आता बरोबर वर बसलंय, वाटीतनं भाताची मूद काढल्यासारखं."

एक गोष्ट मात्र ना कोचच्या लक्षात आली होती ना माझ्या. दर वेळी दस्त्याचं खालचं टोक छातीत रुतत होतं. मी मुकाट सोसत होते, कारण दिल्लीत सगळे पुरुष, कुणाला सांगणार? बाबांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "इथं टक्स हवा." खालचं टोक तिरकं तासलं, थोडं बाहेरच्या बाजूला वळवलं. संपलं. जगात असंख्य बायका हे खेळतात, आणि मला ते ब्लाउज शिवणाऱ्यानं सांगावं लागलं. मी विषय बदलला नाहीतर डोळ्यांत पाणी आलं असतं.

जाताना म्हणाले, "डावा खांदा अर्धा इंच खाली आहे तुझा. दहावीच्या युनिफॉर्मपासून. मी पॅड घालायचो."

कधी सांगितलं नव्हतं.

३ जुलै

दुकानदाराला फोन केला, ती तितरांची नको. "विसार परत होत नाही मॅडम, दुसऱ्या बंदुकीत वळता करू." दस्ता कापून देऊ, असंही म्हणाला. लांबी कापता येते हे मान्य. पण गालाची कड खाली असेल तर कापून ती वर येत नाही, आणि उजवीकडचा वाक रंधा मारून डावीकडे जात नाही. तिथं अक्रोडाचं लाकूड म्हणजे आधीच कमी पडलेलं कापड. मला हवीय ती गालाची कड वर-खाली होणारी, कितीही कुरूप असो. नळ्या तीस इंची, पुढचे चोक (छऱ्यांचा फवारा आवळणारी नळीच्या तोंडाची नळकांडी) बदलता येणारे, नेमाच्या पार वर मारणारी निव्वळ ट्रॅपची नको. अजून ट्रॅप खेळणार की स्कीट (तोही चकत्या फोडायचाच खेळ) हेच माझं ठरलेलं नाही. आयातीची सवलत नामांकित नेमबाजांना. मी नामांकित आहे ती फक्त बँकेत, तेही गालामुळे. म्हणजे जुन्यातलीच शोधायची.

परवान्याची फाइल पणजीला कलेक्टर ऑफिसात आहे. पोलीस चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं, शिकारीला? म्हटलं, मातीच्या बशा फोडायला. त्यानं वहीत काय लिहिलं देव जाणे.

११ जुलै

रोज रात्री जेवणानंतर आरशासमोर पन्नास वेळा. डोळे मिटून लावायची, उघडायचे, बुबुळ पाइपावर. आज पन्नासात त्रेचाळीस. फणसाला पावसानं बुरशी धरलीय. खरी आली की हिचं काय होईल या खाऱ्या हवेत, या विचारानं आत्ताच तेलाची बाटली आणून ठेवली. कॅन्व्हासच्या पिशवीत ठेवायची नाही, ओल धरते, हे मामानं सांगितलं. त्यालाही शेवटी बोलायला काहीतरी मिळालं.

दुपारी दुकानदाराचा फोन. एक जुनी आली आहे, एका डावखुऱ्या माणसाची. नक्षीकाम काहीच नाही, दस्त्यावर ओरखडे, गालाची कड स्क्रूवर वर-खाली होते. "ठेवू का, मॅडम?"

मी विचारलं, चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत किती आहे?

"अं... नॉर्मल आहे."

म्हटलं, इंचात सांगा.

मागे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा. "एक मिनिट हां मॅडम," तो म्हणाला, "टेप शोधतो."