अडीच मिलिमीटरचा माणूस

सोमवार, रात्री साडेदहा

आज 'हूड'चं दुसरं धुराडं बसलं. किंचित डावीकडे कललंय, पण ते माझ्याशिवाय कुणाला दिसायचं नाही. तीन महिने झाले या नौकेला. रोज रात्री तासभर टेबलावरचा दिवा खाली ओढून, डोळ्याला भिंग लावून बसायचं. सातशे पटींनी लहान केलेली ब्रिटिश युद्धनौका. खरी २६२ मीटर लांब होती, माझी साडेसदतीस सेंटीमीटर आहे. पंधरा इंची आठ तोफा झाल्या, त्यांच्या नळ्या आगकाडीपेक्षा बारीक. नांगराच्या साखळ्या झाल्या, बोटी झाल्या, शिड्या झाल्या. खोक्यातलं सगळं संपत आलं तेव्हा लक्षात आलं, यात माणूस नाहीये.

हिशेब केला. या मापात उभा माणूस अडीच मिलिमीटरचा होईल. तिळापेक्षा जरा लहान.

सूचनांच्या कागदामागे नौकेची माहिती छापली आहे. लांबी, रुंदी, वेग, तोफांचा व्यास, चिलखताची जाडी. सगळ्यात शेवटी, इंधनाच्याही खाली, माणसं. शेवटच्या सफरीवर १४१८ जण होते.

२४ मे १९४१ची पहाट. ग्रीनलंड आणि आइसलँड यांच्यामधली डेन्मार्कची सामुद्रधुनी. लढाई सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. जर्मन 'बिस्मार्क'चा गोळा लागला, मागच्या बाजूचं दारूकोठार उडालं आणि तीनेक मिनिटांत नौका पाण्याखाली गेली. वाचले तीन. टेड ब्रिग्ज, बॉब टिलबर्न, बिल डंडास. तिघंही विशीच्या आसपासचे. गोठवणाऱ्या पाण्यात तीन छोट्या तराफ्यांवर तिघं एकमेकांना धरून होते आणि झोप लागू नये म्हणून डंडास गाणी म्हणत होता. झोप लागली की संपलं, एवढं त्यांना कळत होतं.

त्यांना उचलायला 'इलेक्ट्रा' ही विनाशिका आली. शेकडो जण पाण्यात असतील असं धरून तिच्यावर तयारी चालली होती. कठड्यावरून जाळ्या सोडलेल्या, घोंगड्या काढून ठेवलेल्या. समोर तेलाचा तवंग, लाकडाचे तुकडे आणि ही तीन पोरं. त्या घोंगड्यांचं नंतर काय केलं असेल, घड्या करून परत ठेवल्या असतील का, हाच विचार संध्याकाळपासून डोक्यात आहे.

आपल्याकडे वर्तमानपत्रं अशा वेळी 'जलसमाधी मिळाली' असं लिहितात. मला हा शब्द कधीच पटला नाही. समाधी ज्याची त्यानं घ्यायची असते. अठरा वर्षांचा मुलगा बॉयलरपाशी उभा असताना वरून समुद्र आत येतो, त्याला समाधी म्हणायचं?

बुधवार

घंटेबद्दल वाचत बसले आणि आज काम शून्य झालं. मागच्या डेकचे कठडे तसेच पडलेत.

'हूड'चा सांगाडा २००१ साली सापडला. तिची घंटा २०१५मध्ये वर काढली. ७५ वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, २४ मे २०१६ला, ती पोर्ट्समथच्या संग्रहालयात ठेवली आणि आठ टोले दिले. जहाजावरचा पहारा चार तासांचा असतो. दर अर्ध्या तासाला एकेक टोला वाढत जातो आणि आठ झाले की पहारा बदलतो. खालून दमलेला माणूस वर येतो, वरचा खाली जातो. 'हूड'वर त्या पहाटे जे पहाऱ्यावर होते त्यांचे आठ टोले ७५ वर्षं उशिरा पडले.

यापलीकडची गोष्ट मला माहीत नव्हती. घंटा मुळात एका जुन्या 'हूड'ची होती. ती नव्या नौकेला दिली लेडी हूड यांच्या इच्छेवरून, नवऱ्याच्या आठवणीसाठी, आणि तसं घंटेवर कोरलेलंही आहे. नवरा म्हणजे रिअर अ‍ॅडमिरल होरेस हूड. पहिल्या महायुद्धात, ३१ मे १९१६ला, जटलंडच्या लढाईत 'इन्व्हिन्सिबल' नौकेबरोबर गेला. तीही दारूकोठार उडूनच बुडाली. १०२६ जण गेले, सहा वाचले. दोन वर्षांनी याच बाईंच्या हातून 'हूड' पाण्यात सोडण्यात आली. एका बुडालेल्या नौकेची आठवण दुसऱ्या नौकेत टांगली आणि ती नौकाही तशीच बुडाली. गोष्टीत कुणी असं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

माझ्या प्रतिकृतीत घंटा दिलेली नाही. टाचणीच्या डोक्याएवढीही झाली नसती म्हणा.

गुरुवार

'इलेक्ट्रा'चं पुढे काय झालं ते शोधलं. शोधलं नसतं तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी १९४२ला जावा समुद्राच्या लढाईत ती बुडाली. मग बाकीच्यांची यादी करत गेले. 'बिस्मार्क' 'हूड'नंतर तीनच दिवसांनी गेली, दोन हजारांहून जास्त माणसांसह. तिची माणसं पाण्यातून वर ओढत असताना पाणबुडी दिसल्याचा संशय आला म्हणून 'डॉर्सेटशर' ही ब्रिटिश नौका निघून गेली. जे वर आले होते ते वाचले, मागचे राहिले. 'हूड'च्या शेजारून लढलेली 'प्रिन्स ऑफ वेल्स' डिसेंबर १९४१मध्ये मलायाजवळ बुडाली. 'डॉर्सेटशर' एप्रिल १९४२मध्ये श्रीलंकेजवळ. एकमेकींवर गोळे टाकणाऱ्या, वाचवणाऱ्या, सोडून जाणाऱ्या अशा पाच नौका अकरा महिन्यांत समुद्राच्या तळाशी.

तळाशी तरी सुखानं राहाव्यात. २०१६ साली जावा समुद्रात पाणबुडे उतरले. लढाईला ७५ वर्षं होणार होती, त्याची तयारी चालली होती. त्याच लढाईत बुडालेल्या 'डी रॉयटर' आणि 'जावा' या डच क्रूझर युद्धनौका जिथे सापडल्या होत्या तिथे वाळूत नुसता खळगा उरला होता. नौकेच्या आकाराचा. हजारो टनांच्या नौका भंगारवाल्यांनी पाण्याखालून तुकड्यातुकड्यानं उचलून नेल्या होत्या. 'इलेक्ट्रा'चेही लचके तोडलेले. त्या लढाईत डच नौदलाचे नऊशेच्या आसपास लोक गेले आणि त्यातले बहुतेक त्या पोलादाच्या आतच होते. त्यांचं काय झालं?

भंगारवाल्यावर चिडणं सोपं आहे. तांब्यापितळेला भाव येतो आणि पोट सगळ्यांना असतं. पण थडगं म्हणून खूण करायला पाण्यावर जागा नसते. वर लाटा, बस्स.

शनिवार, दुपार

काल झोप नीट लागली नाही. सकाळपासून वहीत आकडे उतरवत बसलेय. आकडे रुक्ष असतात असं म्हणतात, पण हे नाहीत.

'इंडियानापोलिस'. अमेरिकेची क्रूझर. अणुबाँबचे भाग टिनियन बेटावर उतरवले आणि ३० जुलै १९४५ला जपानी पाणबुडीच्या पाणतीरांनी (टॉर्पेडोंनी) बाराएक मिनिटांत बुडाली. ती पोचली नाही हे बंदरात कुणाच्या लक्षातच आलं नाही. आठ-नऊशे माणसं पाण्यात तरंगत होती, तहान, ऊन, शार्क. चौथ्या दिवशी गस्तीच्या विमानाला ती निव्वळ योगायोगानं दिसली. वर्षानुवर्षं सांगितलं जायचं की ११९६ पैकी ३१७ वाचले. २०१८मध्ये आकडा बदलला. ११९५ आणि ३१६. एक जण नौका सुटण्याआधीच उतरला होता, त्याला दुसरीकडे प्रशिक्षणाला पाठवलं होतं. यादीत त्याचं नाव तसंच राहिलं आणि सत्तर वर्षं तो न झालेल्या सफरीतून वाचलेला माणूस म्हणून मोजला गेला. एका माणसाच्या फरकासाठी कुणीतरी जुनी दफ्तरं उपसत बसलं, याचं मला फार बरं वाटतं.

'सिडनी'. ऑस्ट्रेलियाची. १९ नोव्हेंबर १९४१. ६४५ पैकी ६४५ गेले. नंतर फेब्रुवारीत ख्रिसमस बेटाजवळ एका तराफ्यावर एकच देह मिळाला. अनाम म्हणून पुरला. २००६मध्ये थडगं सापडलं आणि २०२१मध्ये डीएनएवरून नाव कळलं, थॉमस वेल्सबी क्लार्क. ऐंशी वर्षं 'तो कोण' हा प्रश्न कुणी सोडला नाही. जेराल्डटनच्या स्मारकावर ६४५ धातूचे समुद्रपक्षी जोडून घुमट केला आहे, माणसागणिक एक. करणाऱ्यानं शंभरेक पक्षी लावून भागवलं असतं तरी खालून कुणाला कळलं नसतं.

'कुर्स्क'. रशियाची पाणबुडी, १२ ऑगस्ट २०००, ११८ जण. पुढचा भाग स्फोटात गेल्यावर मागच्या नवव्या कप्प्यात २३ जण जिवंत जमले होते. दिमित्री कोलेस्निकोव्ह या अधिकाऱ्यानं तिथे नावांची यादी केली. इथे लिहायला अंधार आहे, चाचपडत लिहितो, असंही त्यानं त्या कागदावर नोंदवलं. तो कागद त्याच्या देहाजवळ सापडला. अंधारात, हवा संपत असताना माणसानं हजेरी घेतली. मी हे वाक्य लिहून पाच मिनिटं नुसती बसले.

आणि आपली 'खुकरी'. ९ डिसेंबर १९७१, दीवच्या समुद्रात, पाकिस्तानच्या 'हँगोर' पाणबुडीचा पाणतीर. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं बुडवलेली ही जगातली पहिली युद्धनौका. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते नौकेबरोबर राहिले. दीवला स्मारक आहे, काचेच्या पेटीत 'खुकरी'ची प्रतिकृती. मी तिथे उभी राहिले होते. खरं सांगायचं तर तेव्हा मी प्रमाण किती असेल याचा अंदाज बांधत होते, आणि कठडे किती सफाईनं केलेत ते बघत होते. त्या डेकवरही कुणी नाही हे आज आठवलं.

नौकेचं नाव परत वापरता येतं. १९८९मध्ये दुसरी 'खुकरी' आली, २०२१च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि तीही दीवला जाऊन थांबली. माणसाच्या नावाचं तसं करायची पद्धत नाही. एक उलटं उदाहरण आठवतं. १९४२च्या नोव्हेंबरात 'जुनो' बुडाली तेव्हा सलिव्हन घरचे पाच सख्खे भाऊ तिच्यावर होते. पाचही गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं एका विनाशिकेचं नाव 'द सलिव्हन्स' ठेवलं. आईला त्यानं काय वाटलं असेल, देव जाणे.

रविवार, रात्र

ठरवलं, माणसं करायची.

आधी वाटलं, २४ मेची पहाटच दाखवावी. मग ध्यानात आलं की लढाईच्या वेळी डेकवर जवळपास कुणी नसतंच. २४ बॉयलर, त्यांच्यापाशी माणसं. तोफांच्या मनोऱ्यांत माणसं, त्यांच्या खाली दारूकोठारात माणसं, जखमींच्या खोलीत डॉक्टर. झाकणं घट्ट लावलेली. बहुतेकांना त्या दिवशी समुद्र दिसलाही नसेल. म्हणजे त्या पहाटेसाठी माझी रिकामी नौका अगदी बिनचूक आहे. हे पटलं, आणि अजिबात आवडलं नाही.

म्हणून बंदरातली एक साधी सकाळ धरली. झोळ्या गुंडाळून झाल्यात, डेक धुणं चाललंय. हो, झोळ्या. खालच्या डेकवर हे लोक कापडी झोळ्यांत झोपायचे, एकाला लागून एक, खाली जेवणाची टेबलं. तान्ह्या बाळाला ठेवतात तीच झोळी, फक्त लांब.

जुन्या इअरफोनची वायर सोलली. आतली तांब्याची तार केसासारखी असते. दोन धागे पिळले, पात्यानं अडीच मिलिमीटरवर कापले, वर सुईच्या टोकानं पांढरा ठिपका दिला, ती टोपी. खाली निळा रंग. भिंगातून पाहिलं तर चक्क कुणीतरी उभं आहे असं वाटलं. भिंग काढलं की कचरा. १४१८ करायचे तर माझा जन्म पुरायचा नाही. सतरा केले. तिघं ब्रिजवर, जिथून नौका चालवतात तिथे, उभे करायचे होते, पण ते तीन कोण असा प्रश्न आला आणि मी त्यांना बाकीच्यांत मिसळून टाकलं. सगळे मागच्या डेकवर, ओळीत नाही, आपले विखुरलेले.

गोंद वाळल्यावर मोजले तर सोळा.

पुन्हा मोजले. सोळा. एक चिमट्यातून उडाला असणार, असले तुकडे टिणकन उडतात आणि आवाजही होत नाही. दिवे घालवले, टॉर्च फरशीवर आडवा ठेवला. असा धरला की धुळीच्या कणालाही लांब सावली पडते. एक नखाचा तुकडा मिळाला, एक तुटलेली शिडी मिळाली, ती मी मार्चमध्ये हरवली होती. माणूस नाही. चटई झटकली, खुर्चीची चाकं पाहिली, बाहीची घडी उलगडून पाहिली.

आता शंका येतेय की मुळात सतराच कापले होते का. वहीत लिहिलेलं नाही. उरलेल्या तारेवरून काही समजत नाही. साडेबारा वाजलेत. अजून एकदा टेबलाखाली जाते.