शब्द कळतात, वाक्य अडतं

इंग्रजी शिकणारे मला नेहमी विचारतात, "इडियम्स, म्हणजे वाक्प्रचार, कसे पाठ करायचे? शंभर पुरतील का?" त्यांना मी सांगते, यादी पाठ करू नका. मी केली होती. तिच्यात मांजरं-कुत्र्यांचा पाऊस ('रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', म्हणजे मुसळधार पाऊस) अगदी वरच होता, आणि प्रत्यक्ष बोलण्यात तो मला क्वचितच ऐकू आला.

अडवतात ते साधे शब्द. 'पुट' म्हणजे ठेवणं, हे आपण सुरुवातीलाच शिकतो. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'पुट अप विथ' म्हणजे निमूट सोसणं आणि 'पुट डाउन' म्हणजे कधी खाली ठेवणं, कधी चारचौघांत पाणउतारा करणं. काही हवं का विचारल्यावर समोरचा 'आय अ‍ॅम गुड' म्हणाला, तर तो 'नको' म्हणतोय. यातला एकही शब्द कोशात पाहावा असं वाटत नाही, अडचण तीच आहे.

त्याहून फसवे असतात ते आपल्यासारखे दिसणारे. नाक खुपसणं दोन्ही भाषांत एकच, म्हणून पायाचंही मी तसंच धरलं. नव्या नोकरीत एक सहकारी मला म्हणाला, 'आय अ‍ॅम जस्ट पुलिंग युअर लेग.' मराठीत पाय ओढणारा माणूस दुसऱ्याला पुढे जाऊ देत नाही. मला ते फार लागलं. दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी धीर करून विचारलं, "हे तुम्ही कधी म्हणता?" थट्टा करताना, तो म्हणाला, आणि तीही जवळच्या माणसाची.

तेव्हापासून अर्थाआधी मी हेच विचारते. 'किक द बकेट' म्हणजे मरणं, एवढं यादीत असतं. पण 'गचकला' आणि 'देवाघरी गेले' यांत जेवढं अंतर, तेवढंच त्यात आणि 'पास्ड अवे'मध्ये आहे, हे यादी सांगत नाही. सांत्वनाला गेल्यावर ही चूक झाली तर ती भरून निघत नाही.

देशही पाहावा लागतो. सभेत विषय 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांत मोठा वाद झाल्याचं चर्चिल यांनी आठवणींत लिहिलं आहे. मायबोली असलेल्यांचं असं होतं, तर विचारायला आपण का संकोचायचं?

माझ्या वहीत आता प्रत्येक अर्थाशेजारी पूर्ण वाक्य असतं, आणि ते कोण कुणाला म्हणालं, तेही. तीनदा ऐकल्याशिवाय मी स्वतः ते वापरत नाही. 'टच बेस', म्हणजे थोडक्यात संपर्क साधणं, परवा तिसऱ्यांदा ऐकलं. उद्याच्या मेलमध्ये लिहिणार आहे.